लोह कुठे आहे?
(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो त्या सरांनी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवले. विषय निवडायची मोकळीक संयोजकांनी मला दिली, तेव्हा रसायनशास्त्राच्या पुस्तकात सुरू होऊन थेट आपल्या रक्तापर्यंत येणारा विषय घ्यावा असे मनात आले. सजीव पेशी लोह कसे साठवते आणि किती जवळ ठेवायचे, किती सोडायचे हे कसे ठरवते, याबद्दल आज बोलणार आहे.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, आपल्यापैकी अनेकांच्या घरी रक्ततपासणीचे जे कागद येत होते त्यांवर सीआरपी आणि डी-डायमरच्या जोडीला फेरिटिन हा शब्द असायचा. आकडा वाढलेला दिसला की घरचे घाबरून विचारत, अंगात लोह फार झाले का? त्याच सुमारास राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी पूर्ण झाली. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय असल्याचे तिने नोंदवले. एकीकडे फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचे प्रथिन, वाढलेले, दुसरीकडे रक्तात लोह कमी. ही दोन्ही लक्षणे एकाच माणसात, एकाच दिवशी सापडू शकतात. ते कसे, हे समजायचे असेल तर ‘लोह किती आहे’ हा आपला नेहमीचा प्रश्न पुरत नाही. लोह कुठे आहे, हे विचारावे लागते. माझे सगळे म्हणणे या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी लोहाचा स्वभाव पाहू. लोहाचा अणू एक इलेक्ट्रॉन सहज देतो आणि सहज परत घेतो. दिला की तो फेरिक होतो, घेतला की फेरस. या देवाणघेवाणीवर आपला श्वास चालतो. पेशीतल्या सूत्रकणिकांमध्ये अन्नातली ऊर्जा मोकळी होते ती लोह असलेल्या प्रथिनांच्या साखळीतून इलेक्ट्रॉन पुढे सरकतात म्हणून. हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरते ते लोहाच्या आधाराने. डीएनए तयार करण्यासाठी लागणारा एक महत्त्वाचा एन्झाइमही लोहाशिवाय काम करत नाही, म्हणजे लोह नसेल तर पेशी दुभंगू शकत नाही.

पण हाच गुण घातकही आहे. केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांनी १८९४ साली टार्टारिक आम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थोडेसे फेरस लोह एकत्र आणल्यावर काय घडते ते प्रसिद्ध केले. त्यांचा रस टार्टारिक आम्लात होता. पेशींशी याचा काही संबंध असेल असे त्यांच्या त्या निबंधात कुठे नाही. आज त्या अभिक्रियेला त्यांचेच नाव आहे, आणि तिची भीती जीवशास्त्रज्ञांना अधिक वाटते. आपल्या प्रत्येक पेशीत श्वसनाच्या ओघात थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतच असते. त्याला मोकळे फेरस लोह भेटले की हायड्रॉक्सिल मूलक जन्माला येतो. तो जिथे जन्मतो तिथेच, शेजारी जे काही असेल त्याच्यावर तुटून पडतो, मग तो पेशीपटलाचा स्निग्धांश असो की डीएनए. पेशीपटलातला स्निग्धांश असा लोहामुळे जळत जाऊन पेशी मरते, त्या मरणाला २०१२ साली कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी फेरोप्टोसिस असे स्वतंत्र नाव दिले.

आणखी एक अडचण पृथ्वीच्या इतिहासातून आली आहे. सुरुवातीच्या समुद्रात विरघळलेले फेरस लोह मुबलक होते आणि पहिल्या जीवांनी त्याच्यावर आपला संसार उभा केला. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला आणि लोह गंजून तळाशी बसले. फेरिक लोह उदासीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे सजीवांसमोर मोठा पेच उभा राहिला. लोहाशिवाय जगता येत नाही, मोकळे सोडले तर ते जाळते, आणि आणायचे म्हटले तर ते पाण्यात उतरत नाही. बॅक्टेरियापासून माणसापर्यंत लोहाची जी व्यवस्था आपण पाहतो ती या पेचावरची उत्तरे आहेत.

माणसाचा हिशेब बघा. प्रौढ माणसाच्या शरीरात सगळे मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असते. त्यातले दोन-तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. रक्तद्रवातून फिरणारे, ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेले लोह जेमतेम तीन-चार मिलिग्रॅम. पण दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या तांबड्या पेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला दिवसाला वीस ते पंचवीस मिलिग्रॅम लोह लागते. म्हणजे रक्तातले हे चिमूटभर लोह दिवसातून अनेकदा संपते आणि अनेकदा भरून निघते.

ते येते कुठून? आतड्यातून दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅमच आत येते. बाकीचे सारे जुनेच, पुन्हा वापरलेले. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, मग प्लीहेतल्या आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळतात, हिमोग्लोबिन मोडतात आणि लोह काढून परत रक्तात देतात. हे काम एरवी दिसत नाही, पण आपण सगळ्यांनी ते कातडीखाली पाहिले आहे. मुका मार लागला की जागा आधी काळीनिळी होते, मग हिरवट, मग पिवळसर. तो हिरवा रंग बिलिव्हर्डिनचा आणि पिवळा बिलिरुबिनचा. लोह धरून ठेवणारे हीमचे कडे मोडल्यावर उरणारे हे तुकडे आहेत. ज्या क्षणी ते कडे तुटते त्याच क्षणी लोह सुटते. मोठ्या मारानंतर कधीकधी तिथे तपकिरी डाग बरेच दिवस राहतो, तो त्या लोहाचाच.

आता १९३७ या वर्षाकडे येतो. या वर्षी दोन वेगवेगळ्या देशांत दोन गोष्टी प्रसिद्ध झाल्या. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मॅकॅन्स आणि एल्सी विडोसन यांनी दाखवून दिले की शरीरातले जादा लोह बाहेर टाकण्याची सोय आपल्याकडे नाही. मीठ जास्त झाले तर मूत्रपिंड ते काढून टाकते, लोहाच्या बाबतीत तसे होत नाही. कातडीच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर जाईल तेवढे, आणि स्त्रियांच्या बाबतीत पाळीतून जाईल तेवढेच. म्हणजे सगळे नियंत्रण आत येण्याच्या वाटेवर आणि आतल्या वाटपावर आले.

त्याच वर्षी चेक शास्त्रज्ञ विलेम लाउफबर्गर यांनी घोड्याच्या प्लीहेतून एक तपकिरी प्रथिन वेगळे केले. कॅडमियम सल्फेट घालताच त्याचे सुरेख स्फटिक पडले, आणि त्याच्या कोरड्या वजनात पाचव्या हिश्शाहून अधिक लोह निघाले. लोहाचा इतका भरणा असलेले प्रथिन तोपर्यंत कोणी पाहिलेले नव्हते. त्यांनी त्याला फेरिटिन म्हटले. म्हणजे पुढे ८४ वर्षांनी आपल्या रिपोर्टवर जे नाव आले ते घोड्याच्या प्लीहेतून आलेले आहे.

या फेरिटिनजवळ थोडे थांबू या, कारण मला वाटते निसर्गातल्या सर्वांत देखण्या रेणूंपैकी हा एक आहे. चोवीस प्रथिनसाखळ्या एकमेकींना बिलगून एक पोकळ गोल तयार करतात. बाहेरून त्याचा व्यास साधारण बारा नॅनोमीटर, आतली पोकळी आठ नॅनोमीटर. या पोकळीत साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात. जिथे तीन-तीन साखळ्या भेटतात तिथे बारीक वाटा आहेत आणि त्यांच्या कडेने ऋण भाराची अमिनो आम्ले ओळीने आहेत, म्हणून धन भाराचे फेरस लोह आपोआप आत ओढले जाते. साखळ्या दोन प्रकारच्या असतात. जड साखळीच्या पोटात एक जागा अशी असते की तिथे लोहाचे दोन अणू जोडीने बसतात, ऑक्सिजनशी संयोग होऊन फेरिक बनतात आणि पुढे सरकतात. हलकी साखळी त्यांना पोकळीत खनिजाच्या रूपात रचायला मदत करते. हे खनिज म्हणजे फेरिहायड्राइट, गंजाचा जवळचा नातेवाईक. आपल्या यकृताच्या प्रत्येक पेशीत अशा असंख्य पोकळ्यांमध्ये गंज नीट बंद करून ठेवलेला आहे, आणि बंद आहे तोवर फेंटनच्या अभिक्रियेला तिथे वाव नाही. यकृतात आणि हृदयात या दोन साखळ्यांचे प्रमाण सारखे नसते. जिथे लोह पटकन निष्प्रभ करायची गरज मोठी तिथे जड साखळ्या अधिक, जिथे दीर्घकाळ साठवायचे तिथे हलक्या अधिक.

पुढचा प्रश्न मला याहून मोठा वाटतो. किती फेरिटिन बनवायचे हे पेशीला कळते कसे? याचे उत्तर यायला आणखी पन्नास वर्षे लागली. १९८७ साली अमेरिकेत मॅथियास हेन्त्झ, ट्रेसी रोऊ, रिचर्ड क्लॉस्नर आणि त्यांचे सहकारी, तसेच हॅमिश मन्रो यांचा गट, अशा दोन ठिकाणांहून एकच गोष्ट पुढे आली. फेरिटिनचा निरोप घेऊन जाणारा जो संदेशवाहक आरएनए आहे, त्याच्या सुरुवातीला सुमारे तीस अक्षरांचा एक तुकडा स्वतःवरच दुमडलेला असतो. पेशीत लोह कमी असेल तेव्हा एक नियामक प्रथिन या दुमडलेल्या तुकड्याला घट्ट धरते. मग त्या निरोपावरून प्रथिन तयार करणारी यंत्रणा पुढे सरकूच शकत नाही. साठवायला काही नाही, तर साठवणीचे भांडे कशाला? लोह वाढले की प्रथिनाची पकड सुटते आणि फेरिटिन भराभर तयार होऊ लागते. निरोप आधीच लिहून तयार असल्यामुळे जनुकापासून पुन्हा सुरुवात करावी लागत नाही.

खरी गंमत पुढे आहे. रक्तातून लोह आत घेण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर ट्रान्सफेरिनचा ग्राहक रेणू असतो. ट्रान्सफेरिन दोन लोहअणू घेऊन त्याला चिकटते, दोघे मिळून आत ओढले जातात, आतल्या पिशवीतल्या आम्लतेत लोह सुटते आणि रिकामे ट्रान्सफेरिन ग्राहकाबरोबर वर येऊन पुन्हा रक्तात निघून जाते. या ग्राहकाच्या आरएनएवरही तसेच दुमडलेले तुकडे आहेत, एक नव्हे पाच, पण ते सुरुवातीला नसून शेवटाला आहेत. तेच नियामक प्रथिन तिथे बसले की परिणाम उलटा होतो. आरएनए नष्ट होण्यापासून वाचतो आणि ग्राहक जास्त बनतात. म्हणजे लोहाची चणचण असताना एकाच प्रथिनाने एकाच वेळी साठवण थांबवली आणि आणणे वाढवले. तुकडा तोच, फक्त जागा बदलली. जीवशास्त्र शिकवताना इतके नेटके उदाहरण माझ्या हाती दुसरे आलेले नाही.

आणि त्या नियामक प्रथिनाला लोहाचा अंदाज कसा येतो? ही प्रथिने दोन आहेत. पहिल्याच्या पोटात चार लोह आणि चार गंधक अणूंचा एक घन बसतो. घन बसला की ते आरएनएचे काम सोडून अॅकोनिटेज हा साधा एन्झाइम म्हणून राबू लागते. लोहाअभावी घन मोडला की पुन्हा आरएनएला धरते. दुसरे प्रथिन पेशीत लोह आणि ऑक्सिजन पुरेसे असले की थेट मोडून टाकले जाते. लोहाची मोजणी लोहानेच केलेली आहे.

या तीस अक्षरांत एक अक्षर चुकले तर काय होते याचे उत्तर १९९५ साली इटली आणि फ्रान्समधल्या काही कुटुंबांनी दिले. या घराण्यांत तरुण वयात मोतीबिंदू व्हायचा, आणि रक्तातले फेरिटिन हजाराच्या पुढे असायचे. एवढे फेरिटिन म्हणजे शरीरात लोहाचा पूर आला असणार असे समजून काही रुग्णांचे रक्त वारंवार काढण्यात आले. लोहाचा अतिरेक असलेल्याला हा उपचार मानवतो, पण या माणसांना लगेच रक्तक्षय झाला. त्यांच्या अंगात जादा लोह नव्हतेच. हलक्या साखळीच्या आरएनएवरच्या त्या दुमडलेल्या तुकड्यात एक अक्षर बदलले होते, नियामक प्रथिनाला तिथे पकड मिळत नव्हती, आणि लोह असो वा नसो, फेरिटिन तयार होत राहिले होते. डोळ्याच्या भिंगात ते साचून त्याचे स्फटिक पडले आणि मोतीबिंदू झाला. भांडी ढिगाने, पण आत काही नाही. रिपोर्टवरचा आकडा बरोबर होता, त्याचा लावलेला अर्थ चुकला होता.

साठवलेले लोह परत कसे मिळते, हेही थोडक्यात सांगतो. पेशी फेरिटिनची गोळी उघडून लोह वेचत बसत नाही. २०१४ साली हार्वर्डच्या संशोधकांनी एनसीओए४ नावाचे प्रथिन शोधले, ते फेरिटिनला धरून पेशीच्या पाचक पिशवीकडे नेते. तिथे सगळा गोलच विरघळतो आणि लोह मोकळे होते. लोह पुरेसे असेल तेव्हा हे प्रथिन स्वतःच मोडले जाते.

आतापर्यंत एका पेशीपुरते बोललो. पण आतडे, यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा या सगळ्यांचा मेळ कोण घालते? इथे आपल्या शेतकऱ्यांना चटकन पटेल असे सांगतो. पाटाचे पाणी वाफ्यांत फिरवताना रात्रभर जागून दारे धरावी लागतात. कोणता वाफा भिजला, कोणता राहिला, ते बघून एकीकडे दार फोडायचे, दुसरीकडे बांधायचे. शरीरात दारे धरण्याचे हे काम यकृत करते. लोह पेशीबाहेर सोडणारे, आपल्याला माहीत असलेले एकमेव दार म्हणजे फेरोपोर्टिन हे प्रथिन. ते २००० साली तीन प्रयोगशाळांनी वेगवेगळे शोधले. आतड्याच्या पेशी अन्नातले लोह रक्तात सोडतात ते यातून, आणि भक्षक पेशी जुन्या रक्ताचे लोह परत करतात तेही यातूनच. यकृत हेप्सिडिन नावाचे फक्त पंचवीस अमिनो आम्लांचे संप्रेरक सोडते. ते फेरोपोर्टिनला जाऊन चिकटले की पेशी ते दार आत ओढून मोडून टाकते. लॉस एंजेलिसमध्ये एलिझाबेटा नेमेथ, टॉमस गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००४ साली दाखवले.

हेप्सिडिन सापडले तेव्हा शोध लोहाचा नव्हता. गान्झ यांच्या प्रयोगशाळेत जंतू मारणारे लहान प्रथिन शोधले जात होते. पॅरिसमध्ये सोफी वोलाँ यांच्या गटाकडे साखरेच्या नियमनासाठी तयार केलेले उंदीर होते. त्यांच्या यकृतात लोह साचताना दिसले आणि शोध घेतल्यावर कळले की हेप्सिडिन तयारच होत नाही. दोन अनोळखी वाटा २००१ च्या सुमारास एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या.

हेप्सिडिन कशाने वाढते? लोह भरपूर असले की वाढते, हे तर्काला धरून आहे. पण अंगात संसर्ग किंवा दाह असला तरी ते वाढते, आणि इथे करोनाच्या रिपोर्टचे उत्तर मिळते. जंतूंनाही लोह हवेच असते. ते त्यासाठी सिडेरोफोर नावाचे रेणू बाहेर सोडतात, जे लोह विलक्षण घट्ट धरून आणतात. आपले शरीर त्याला उलट उत्तर देते. शेड आणि कॅरोलिन या दोन संशोधकांनी १९४४ साली दाखवले की अंड्याच्या पांढऱ्या भागात जंतू वाढत नाहीत, आणि त्यात लोह घातले की लगेच वाढू लागतात. तिथले एक प्रथिन लोह धरून बसलेले असते. आईच्या पहिल्या चिकाच्या दुधात लॅक्टोफेरिन भरपूर असते, ते याच कुळातले. बाळाला चीक पाजू नये असे सांगणारी माणसे अजून भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. संसर्गात यकृत इंटरल्यूकिन-६ च्या इशाऱ्यावर हेप्सिडिन वाढवते, दारे बंद होतात, लोह भक्षक पेशींत अडकते, तिथे फेरिटिन वाढते आणि थोडे रक्तात उतरते. रक्तातल्या त्या फेरिटिनमध्ये लोह फारच कमी असते. करोनाच्या रुग्णाचे फेरिटिन वाढले होते ते मुख्यतः दाहामुळे. लोह अंगात होते तेवढेच होते, फक्त कुलपात गेले होते. दुखणे लांबले की अस्थिमज्जेला लोह मिळत नाही आणि साठा भरलेला असूनही रक्तक्षय होतो. क्षयरोगात, संधिवातात, मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात डॉक्टरांना हे रोज दिसते.

लोह देणे सदैव चांगलेच, ही समजूत याच कारणाने तपासावी लागते. टांझानियातल्या पेम्बा बेटावर मलेरियाचे प्रमाण फार होते. तिथे हजारो लहान मुलांना रोज लोह आणि फॉलिक अॅसिड देण्याचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. लोह मिळालेल्या मुलांमध्ये गंभीर आजारपण आणि मृत्यू वाढले होते, म्हणून तो भाग मध्येच थांबवावा लागला. पण ज्या मुलांची खरोखर लोहाची कमतरता तपासून निश्चित केली होती, आणि ज्यांच्या आजारपणावर लक्ष होते, त्यांना लोहाचा फायदाच झाला. हा अभ्यास वाचून लोहाच्या गोळ्यांवर शंका घेणाऱ्यांनी हा दुसरा भागही वाचायला हवा.

दारे उलट बाजूने तुटली की काय होते ते आपल्याकडच्या थॅलेसेमियाच्या मुलांमध्ये दिसते. आपल्या राज्यात सिंधी, लोहाणा, कच्छी अशा समाजांत या आजाराचे प्रमाण अधिक आहे. या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. रक्ताच्या एका पिशवीत दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह असते आणि शरीर दिवसाला एखादाच मिलिग्रॅम गमावते. एका पिशवीतले लोह आपोआप बाहेर जायला सहा महिन्यांहून अधिक काळ लागेल, आणि तोवर अनेक पिशव्या चढलेल्या असतात. फेरिटिन भरते, ट्रान्सफेरिन भरते, आणि उरलेले मोकळे लोह हृदय, यकृत आणि ग्रंथींमध्ये शिरते. अशा मुलांना अनेक वर्षे डेसफेरॉक्सामिन दिले गेले. आठवड्यातल्या बहुतेक रात्री, कातडीखाली सुई घालून, आठ-दहा तास पंप चालवत. हे औषध मातीतल्या एका सूक्ष्मजीवाने लोह मिळवण्यासाठी बनवलेला सिडेरोफोरच आहे. जंतूचे साधन मुलांच्या कामी आले. आता तोंडाने घ्यायची औषधेही आहेत, पण ती नियमित घ्यावी लागतात आणि आई-बापांचा त्यासाठीचा चिवटपणा मी जवळून पाहिला आहे.

आता रक्तक्षयाकडे, म्हणजे आपल्या घरांकडे येतो. जाता जाता मुंबईची एक गोष्ट सांगायला हवी. ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक रक्तक्षय दिसत होता, ज्यावर लोहाचा उपयोग होत नसे. यीस्टच्या अर्काने, मार्माइटने, त्या बऱ्या होतात हे विल्स यांनी दाखवले. त्या अर्कातला घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. आज सरकारी दवाखान्यातून गरोदर बाईला जी गोळी मिळते, साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची, तिच्यातल्या दुसऱ्या घटकाचे मूळ परळमध्ये आहे. प्रत्येक फिकट चेहऱ्यामागे लोहच कमी असेल असे नाही, हे तेव्हापासून आपल्याला माहीत असायला हवे होते.

लोह कमी पडते तेव्हा क्रम ठरलेला असतो. आधी फेरिटिनचा साठा संपतो. मग रक्तातल्या ट्रान्सफेरिनवरचे लोह घटते. हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी उतरते, कारण शरीर उरलेसुरले लोह अस्थिमज्जेला देत राहते. म्हणून हिमोग्लोबिन ठीक असतानाही साठा रिकामा असू शकतो. दर महिन्याला पाळीत रक्त जाणाऱ्या मुलीच्या बाबतीत हे नेहमीचे आहे. गरोदरपणाला सगळे मिळून जवळपास एक ग्रॅम लोह लागते. रिकाम्या साठ्याने गरोदरपणात पाऊल टाकणाऱ्या मुलीकडून आपण जे अशक्य आहे तेच मागत असतो.

गोळीबद्दलही पेशीशास्त्राने एक उपयोगी गोष्ट सांगितली आहे. लोहाची मोठी मात्रा घेतली की हेप्सिडिन चढते आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत चढलेले राहते. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या गोळीतले लोह कमी शोषले जाते. झुरिचच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोहाचा साठा कमी असलेल्या तरुण स्त्रियांना एक दिवसाआड गोळी दिल्यावर शोषण अधिक झाले. हे ऐकून कोणी आपली मात्रा परस्पर बदलू नये, विशेषतः गरोदर स्त्रीने. पण गोळीने पोट बिघडते म्हणून ती सोडून देणाऱ्या मुलींनी डॉक्टरांना हा पर्याय जरूर विचारावा. गोळी चहाबरोबर मात्र घेऊ नये. चहातले घटक लोहाला बांधून टाकतात. लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व उलट मदत करते.

अन्नाच्या बाजूने एक चांगली बातमी आपल्याच मातीतली आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने लोहाचे प्रमाण जास्त असलेला बाजरीचा ‘धनशक्ती’ हा वाण तयार केला आणि तो प्रथम महाराष्ट्रात आला. ग्रामीण महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वयाच्या २४६ शाळकरी मुलामुलींना सहा महिने अशा लोहयुक्त बाजरीची किंवा साध्या बाजरीची भाकरी देऊन अभ्यास केला गेला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात सुरुवातीला लोहाची कमतरता होती, त्यांच्यातल्या लोहयुक्त भाकरी खाणाऱ्या मुलांचे कमतरतेतून बाहेर पडण्याचे प्रमाण अधिक होते. भाकरीत फायटेट असते आणि ते लोहाचे शोषण कमी करते, हे खरेच आहे. तरीही रोजच्या ताटातल्या भाकरीने फरक पडला, आणि तो कशाने मोजला? रक्तातल्या फेरिटिननेच.

म्हणून या सभागृहातल्या पालकांना, शिक्षकांना आणि गावोगावी काम करणाऱ्या आशाताईंना माझी एक विनंती आहे. मुलीची तपासणी हिमोग्लोबिनवर थांबवू नका. शक्य असेल तिथे फेरिटिनही तपासून घ्या, आणि ताप, खोकला, संसर्ग नसताना घ्या, नाहीतर आकडा फसवा निघतो. निरोगी प्रौढ स्त्रीचे फेरिटिन लिटरमागे पंधरा मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर हिमोग्लोबिन कितीही चांगले दिसो, तिचा साठा संपलेला आहे आणि तिला उपचारांची गरज आहे.